तनीला उठायचं असतं

लहान वयात कानावर अभिजात संगीत पडलं की माणूस जन्मभर सुसंस्कृत राहतो, असा संपत्कुमारन यांचा सिद्धान्त होता, आणि मैलापूरच्या निम्म्या गल्लीला त्यांनी तो ऐकवलेला होता. त्यांच्या स्वतःच्या तिन्ही मुलांच्या कानावर ते तिसऱ्या वर्षापासून पडत आलं होतं. पैकी दोघा मुलग्यांना आता डिसेंबरात मैफलींचा मोसम लागला की नेमकं परगावी काम निघतं. मुलगी पद्मजा चेन्नईतच राहते. ती फोन उचलत नाही.

उरली होती पद्मजाची मुलगी कोदै. वय वर्षं पाच.

"अप्पा, एकदाच मैफलीला नेऊ देईन," पद्मजा म्हणाली. "तिनं तिथे आवाज केला, लोकांनी माना वळवून बघितलं, की संपलं. मग ती दहा वर्षांची होईपर्यंत नाव काढायचं नाही. मी काय सोसलंय ते मला आठवतंय."

"तू काय सोसलंस? तू तर झोपायचीस."

"झोपू कुठे द्यायचात? अम्मा चिमटे काढायची."

संपत्कुमारन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. कोदै दहाची होईल तेव्हा आपण किती, याची बेरीज त्यांनी मनात सुरू केली आणि अर्ध्यात सोडून दिली. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सभेत, म्हणजे गाण्याच्या मंडळाच्या सभागृहात, शेजारच्या खुर्चीवर ते आपली छत्री ठेवत. छत्री मैफलीत चांगली वागते, पण राग ओळखल्यावर कोपरानं ढोसायचं कुणाला, हा प्रश्न उरतोच.

त्यांनी आठवडाभर तयारी करून घेतली. आदितालाचे हात शिकवले: मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग थाप आणि उलटा पंजा, पुन्हा थाप आणि उलटा पंजा. कोदै ते जेवताना करू लागली, आंघोळीच्या वेळी करू लागली, शेवटी शेजारच्यांच्या कुत्र्याच्या पाठीवर करू लागली. "बोलायचं कधी?" तिनं विचारलं. "घरी आल्यावर," तात्तांनी, म्हणजे आजोबांनी, सांगितलं.

चारच्या मैफलीला दोघं तिसऱ्या रांगेत बसली. छत्री खुर्चीखाली गेली. पलीकडे देशिकन मामा, निवृत्त बँक अधिकारी. गाणारीनं पहिला स्वर लावण्याआधीच रागाचं नाव जाहीर करायचं हे त्यांचं कार्य, आणि बहुतेक वेळा ते चुकायचं.

"काय हो, पाळणाघर काढलंत?" मामा म्हणाले.

"रसिक आहे ती," संपत्कुमारन म्हणाले.

"शू-शू करून आणलीय ना रसिकाला?"

पहिला तास कोदैनं असा काढला की संपत्कुमारन यांना अभिमानानं घामच फुटला. लांबच लांब आलाप चालला होता. तिनं छतावरचे पंखे मोजले, पुढच्या बाईच्या गजऱ्यातली फुलं मोजली, एकदा जांभई दिली तीही तोंड झाकून. ताल सुरू झाला की हात सुरू. एकदा तिनं देशिकन मामांच्या मांडीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि तात्तांच्या कानाशी लागून म्हणाली, "त्यांचं चुकतंय."

"माहितेय, कण्णा. तीस वर्षं चुकतंय. गप्प बस."

मुख्य रचना रंगत गेली, टिपेला पोचली, आणि गाणारीनं मृदंगवाल्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे तनी. आता तो एकटा वाजवणार.

आणि सभागृह उठलं. चपला शोधल्या गेल्या, गुडघे कुरकुरले, माणसं रांगांमधून आडवी सरकू लागली. तनी सुरू झाली की कॅन्टीन गाठायचं, हा सभेचा रिवाज. उशीर केला तर कोहळ्याचा हलवा संपतो आणि फक्त उपमा उरतो, ज्याच्या बाजूनं आजवर कुणी बोललेलं नाही. संपत्कुमारनही उठले. त्यांनी ठरवलं नव्हतं. चाळीस वर्षं त्या क्षणी त्यांचे पायच उठत आले होते.

"चल," ते कुजबुजले. "हलवा खायचा ना?"

कोदै हलली नाही. तिची नजर मृदंगवाल्याच्या बोटांवर खिळली होती.

"चल ना गं. नंतर गर्दी होते."

मृदंगवाल्यानं एक बोल टाकला आणि पुढच्या बोलाआधी श्वासभर थांबला. नेमक्या त्या शांततेत कोदैचा आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला.

"तात्ता, सगळे कुठे चाललेत? आत्ता तर सुरू झालं!"

माना वळल्या. संपत्कुमारन यांना पद्मजाची अट आठवली. पाच वर्षं. आता तिला ओढून न्यावी तर ती भोकाड पसरणार, आणि न न्यावी तर आपण असे मधोमध उभे, शिपायासारखे. गाणारीनं पदरानं ओठ झाकले. मृदंगवाल्यानं मान वर केली, तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि पुढचा बोल कोदैकडे बघत वाजवला. तिनं हात वर केला आणि थापेवर थाप दिली.

रांगेत अडकलेली माणसं एकमेकांकडे न बघता खाली बसली. दारापर्यंत पोचलेली काही जण विसरलेलं काही घ्यायला आल्यासारखी परतली. देशिकन मामा म्हणाले, "मी नुसता पाय मोकळा करत होतो," आणि बसले. संपत्कुमारनही बसले.

तनी वीस मिनिटं चालली. संपत्कुमारन यांना कळलं, की मृदंगवाल्याच्या शेजारी मातीचं मडकं वाजवणारा एक घटमवालाही असतो आणि दोघं एकमेकांची चक्क थट्टा करतात. इतकी वर्षं ते ज्याला मध्यंतर समजत होते, ते सगळ्यात अवघड प्रकरण निघालं. शेवटी तोच मोठा तुकडा तीनदा आला. तिसऱ्यांदा कोदैचा हात समेवर पडला. संपत्कुमारन यांचा एक मात्रा उशिरा.

"तात्ता, तुमचंही चुकलं," ती म्हणाली. मग तिनं त्यांना कोपरानं ढोसलं.

घरी पद्मजानं विचारलं, "आवाज केला?"

"केला," संपत्कुमारन म्हणाले. खोटं बोलायची त्यांची फार इच्छा होती, पण जमेना. "माना वळल्या. सगळ्याच."

"काय ओरडली?"

त्यांनी सांगितलं. पद्मजा भिंतीला टेकून हसली. तिला हसताना पाहून कोदै स्वयंपाकघरातून ताटली वाजवत आली.

"न्या तिला," पद्मजा म्हणाली. "पण पुढच्या वर्षीचं बोलतेय मी. यंदाची सुट्टी परवा संपतेय. आणि उठायचं नाही हं, अप्पा."

"मी कशाला उठतोय?"

जूनमध्येच संपत्कुमारन सभेत जाऊन शेजारशेजारच्या दोन खुर्च्या राखून आले. चिटणिसांनी त्यांची नावं लिहून घेतली. मग म्हणाले, गेल्या वर्षी त्या मैफलीला कॅन्टीनवाल्याचा चार पराती हलवा उरला आणि तो अजून समितीशी नीट बोलत नाही. संपत्कुमारन यांनी सहानुभूती दाखवली.

नोव्हेंबरात मोसमाची कार्यक्रमपुस्तिका टपालानं आली. शेवटच्या पानावर, गाड्या कुठे लावाव्यात याच्या खाली, एक नवी ओळ छापलेली होती: तनी सुरू होताच आठ वर्षांखालील मुलांना पालकांनी कॅन्टीनमध्ये न्यावे.