नुसत्या नावांचा रकाना

चूक माझीच होती. नानांनी घाई केली, वीज दोनदा गेली, हे सगळं खरं असलं तरी कळा माझ्या बोटांनी दाबल्या होत्या. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं.

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर. खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत असलेल्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होते. माझे बाबा, श्रीपत, तिथेच वीस वर्षं भट्टीवर काम करत होते. आम्ही दहिवलीचे. सकाळी खोपोलीची गाडी धरून बापलेक बरोबरच कामावर जायचो. मुलगी ऑफिसात खुर्चीवर बसते याचं बाबांना इतकं कौतुक, की गेटातून शिरताना ते माझ्या दोन पावलं मागे राहायचे, साहेबाला पोचवायला आल्यासारखे. मला राग यायचा. सांगून उपयोग नव्हता.

टाइम ऑफिस नानांच्या ताब्यात होतं. नाना कर्जतच्या जुन्या घरंदाज कुटुंबातले. शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकही न उमटणारं. त्यांचा एक नियम होता. कामगार वारला तरी त्याचं नाव हजेरीतून काढायचं नाही. घरातल्या कुणाला तरी त्याच्या जागी नोकरी लागेपर्यंत ओळ तशीच ठेवायची आणि शेवटच्या रकान्यात ‘मयत’ लिहायचं. त्या वर्षी अशी एकच ओळ होती, कोंडाण्याच्या नागूची. जुलैत नदीच्या पुरात तो वाहून गेला होता. त्याची बायको चिमा दर गुरुवारी खिडकीशी येऊन विचारायची, माझ्या नोकरीचं काय झालं म्हणून.

पूर्वी आमच्याकडे भिंतीवर फळा होता. एकेका कामगाराची पुठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर नाव, खातं, जन्मतारीख, ओळखीची खूण, सगळं. पट्टी उपसून दुसरीकडे खोचली की अख्खा माणूस तिच्याबरोबर जायचा. मग कॉम्प्युटर आला. पट्ट्या गोणत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि टायपिंग येतं म्हणून मला त्या काळ्या पडद्यासमोर बसवलं. माउस तेव्हा आम्ही पाहिलाही नव्हता. सगळा कारभार कळांवर. पडद्यावर हिरव्या ओळी नि रकाने, त्यातल्या एकेका चौकटीला सेल म्हणायचं. बाणांच्या कळांनी या सेलवरून त्या सेलवर जायचं. एफ-टू दाबलं की आतलं लिहिलेलं दुरुस्त करता येतं. एंटर दाबलं की ते पक्कं. पुष्कळ सेल एकदम धरायचे तर आधी एका कोपऱ्यात ठिपक्याची कळ दाबून खुंटी ठोकायची, मग बाणांनी खाली आणि उजवीकडे जायचं. जेवढं उजळेल तेवढ्यालाच पुढचा हुकूम लागू. केलेलं मागे घ्यायची कळ मात्र त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. तेवढी एक करायची राहिली असावी.

सोमवारी दुपारी नाना म्हणाले, “विमल, नावं एबीसीडीप्रमाणे लावून घे. ओळखपत्रं करायची आहेत. बुधवारी चार वाजता यादी छापून छापखान्यात गेली पाहिजे.”

मी पहिल्या नावावर गेले, ठिपका दाबला, बाणाने खाली एकशे त्रेसष्टाव्या नावापर्यंत उतरले. उजवीकडे गेले नाही. डोक्यात अजून पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या. नाव हललं की बाकीचं त्याच्यामागून येणारच, अशी इतक्या वर्षांची सवय. क्रम लावायचा हुकूम देऊन एंटर दाबलं. नावं सरासर वरखाली होऊन जागेवर बसली. बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. मी ते पाहिलंसुद्धा नाही. त्याच फ्लॉपीवर जुन्याच्या जागी नवं साठवलं आणि खूश होऊन घरी गेले.

मंगळवारी सकाळी गेटवर वाल्मिक वॉचमन तंबाखू मळत होता. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

“वाल्मिकभाऊ, हे कधी झालं?”

“काय?”

“करंगळी.”

त्याने हात वर करून पाहिला. “येडी का गं तू? ल्हान व्हतो तवाच गेलं की. विळ्यावर.” तो हसला आणि तंबाखू ओठात धरली. गेली तीन वर्षं हा माणूस रोज त्याच हाताने मला सलाम करत होता. त्याची पाचही बोटं मला पाठ होती.

मी बाबांकडे वळून पाहिलं. रोजच्यासारखे दोन पावलं मागे होते. त्यांच्या चपला भिजलेल्या होत्या. महिनाभर पावसाचा टिपूस नव्हता आणि ते चालत होते तिथे मातीत ओले ठसे उमटत होते.

“काय नाय गं,” ते म्हणाले. “जरा गार वाटतंय.”

संध्याकाळी आईने दोन ताटं वाढली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, आईच्या अगदी समोर. मी म्हटलं, बाबांचं ताट? आई माझ्याकडे पाहतच राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “असं नको करूस गं विमल. पाच महिने झाले आता.” तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी तिचा हात धरून त्यांच्याकडे बोट दाखवलं. ती तिकडे पाहत होती आणि तिला भिंत दिसत होती. बाबांच्या धोतराच्या कडेतून पाणी ठिबकून शेणाने सारवलेली जमीन गडद होत चालली होती. मी माझं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी घास उचलला खरा, पण तो तोंडापर्यंत जाईना. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाच महिने म्हणजे जुलै. रात्रभर हाच हिशेब डोक्यात घोळत होता, आणि पहाटे कधीतरी मला तो हिरवा तक्ता आठवला.

बुधवारी नाना यायच्या आधी मी मशीन सुरू केलं. वाल्मिकच्या ओळीत, ओळखीच्या खुणेच्या रकान्यात, लिहिलं होतं: डाव्या करंगळीचं पेर नाही. ती खूण खरी भट्टीवरच्या शुक्रा नावाच्या गड्याची. एकशे एकतिसाव्या ओळीत बाबांचं नाव होतं. उजवीकडे गेले. खातं, मालखाना. गाव, कोंडाणे. शेवटच्या रकान्यात मयत, एकोणीस जुलै.

ती नागूची ओळ होती. आणि नागूचं नाव वर कुठेतरी एका जिवंत माणसाच्या ओळीत जाऊन बसलं होतं.

हे सगळं माझ्या एकटीच्याच का लक्षात राहिलं, ठाऊक नाही. कळ दाबणाऱ्याच्या राहत असेल.

आधी ‘मयत’ पुसायला गेले. एफ-टू, मागची कळ, एंटर. सेल रिकामा झाला. खाली जाऊन वर आले, तर मयत होतंच. तीन वेळा केलं. त्याच्या जागी दुसरं लिहून पाहिलं, तेही टिकेना. मग सत्ताविसाव्या ओळीवर, बाबांच्या स्वतःच्या जागी, त्यांचं नाव लिहिलं. ते राहिलं. पण एकशे एकतीसमधून ते नाव पुसलं की पुन्हा उमटत होतं. ती ओळ बिननावाची राहायला तयार नव्हती. फक्त नावं इकडची तिकडे झाली होती आणि फक्त नावंच परत लावता येत होती, एकाच्या जागी दुसरं.

माळ्यावरून गोणतं खाली ओढलं. पट्ट्या बिल्ल्याच्या नंबरावर लावल्या आणि एकेक नाव टाइप करत सुटले. नाना आले, धूळ बघून ओरडले. मी म्हटलं, यादी चुकली आहे, चारपर्यंत होईल, बोलू नका माझ्याशी. नानांना तसं कुणी बोलत नसे. ते गुपचूप चहाला गेले.

अकराच्या सुमारास वाल्मिकचं नाव त्याच्या ओळीत बसलं. खिडकीतून हाक मारली, हात दाखवायला लावला. पाचही बोटं धड. “तुला झालंय काय गं?” तो म्हणाला. मला रडू आलं.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये डोकावले. बाबा बाकाच्या टोकाला बसले होते. एक माणूस थाळी घेऊन आला आणि सरळ त्यांच्या जागेवर बसायला लागला. बाबा घाईघाईने उठले, ओशाळल्यासारखे हसले. ओठ निळे पडले होते. त्यांनी मला हात केला, जा, तुझं काम कर, म्हणून. मी पळत परत आले.

साडेतीनला एकच ओळ उरली. एकशे एकतीस. बाकी सगळ्या जिवंतांच्या ओळींत ज्याचं त्याचं नाव होतं. हातात शेवटची पट्टी नागूची. मी एफ-टू दाबलं, बाबांच्या नावाची अक्षरं मागून एकेक खोडली, आणि खिडकीच्या जाळीवर कुणीतरी बोट वाजवलं.

नागू होता. पुरात गेलेला, जुलैत ज्याच्या मृत्यूचा दाखला मी स्वतः फाइलला लावला तो. कोरडा, धडधाकट, डोक्याला मुंडासं.

“बाई, शनवारी सुट्टी पायजेल. घरी पोपटी लावतोय, मडक्यात शेंगा भाजायच्या. वालाच्या शेंगा चांगल्या भरल्यात औंदा.” मग म्हणाला, “तुमी बी या. बापाला घेऊन या.”

“चिमा कशी आहे?” हे मी का विचारलं, मला कळत नाही.

“मजेत हाय. दोन दिस झाले, नुसती हसतीया माझ्याकडं बगून. म्हनलं, काय झालं गं? तर म्हनती काय नाय, बरं वाटतंय.” त्याने कंबरेशी चाचपलं. “बाई, बिल्ला सापडंना सकाळपासून. घरी खुंटीला बी नाय. माझं नाव हाय ना यादीत?”

घड्याळात चारला पाच कमी होते. दाराशी नाना येऊन उभे राहिले होते. त्यांना खिडकीत कुणी दिसत नसावं, कारण ते प्रिंटरकडे बघत होते. पडद्यावर रिकाम्या सेलमध्ये कर्सरचा पट्टा लुकलुकत होता. मी उशीर केला तर तिथे काय उमटेल, मला माहीत होतं.

“आहे,” मी म्हटलं. “लिहितेच आहे.”

चार अक्षरं होती. एन, ए, जी, यू. टाइप करताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो जाळीला धरून उभा होता, विश्वासाने, ऑफिसातली बाई काम करते आहे म्हणून न बोलता. मी एंटर दाबलं.

वर पाहिलं तेव्हा जाळीच्या पलीकडे फक्त मोकळं आवार होतं.

“झालं का?” नानांनी विचारलं. झालं म्हटलं. प्रिंटर कर्रकर्र करत यादी ओकू लागला.

त्या संध्याकाळी आईने तीन ताटं वाढली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या वाजत होत्या. बाबा भाकरी कुस्करून जेवले, दोनदा भात मागितला, वर विचारलं, आज तू जेवत का नाहीस. मी म्हटलं, भूक नाही. त्यांचे पाय कोरडे होते. मी पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिला, गरम होता. माझे बाबा जिवंत आहेत, याहून मोठं मला जगात काही नको होतं, आजही नको आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन. हे मला आधीच माहीत आहे आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चिमा खिडकीशी आली. नानांनी तिला सांगितलं, कागद वर गेलेत, लागेल नोकरी. ती मान हलवून तिथेच उभी राहिली. नाना आत गेल्यावर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “बाई, तुमी शिकल्या सवरल्या. येक इचारू?”

“विचार.”

“दोन दिस मी दोन मानसांच्या भाकरी केल्या. ध्यानातच नाय आलं. आन भाकरी संपल्या वो. मी येकलीच घरात. कोन जेवलं आसल?”

मी म्हटलं, मला काय माहीत.

“मला बी नाय,” ती म्हणाली. “पन आज केल्या, तर उरल्यात.”