नाचाआधीचा केक

शिंप्याला शुगर होऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याच्या कानावर एकच शब्द पडत होता: नको. डॉक्टर नको म्हणत, बायको नको म्हणे, आणि त्याने बिस्किटांच्या डब्याकडे नुसतं पाहिलं तरी सून नको म्हणे. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. शुगर, जेवण, इन्सुलिन, चालणं, सगळं तो त्यात इमानेइतबारे भरू लागला. मापं लिहायची सवय होतीच.

तीन महिन्यांनी पन्नाशीपुढच्या जोडप्यांची नाचाची स्पर्धा निघाली. बायकोने परस्पर नाव देऊन टाकलं. शिंप्याला ते धोक्याचं वाटलं, कारण मागे एकदा भराभर चालून आल्यावर शुगर उतरून तो दुकानातच कोसळला होता. त्याने ॲपमध्ये लिहिलं, 'संध्याकाळी दीड तास नाच', आणि 'नको'ची वाट पाहत बसला.

ॲपने त्याच्याच नोंदी काढून दाखवल्या: तासभर चाललात की तुमची शुगर एवढी उतरते. मग विचारलं, डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढं इन्सुलिन कमी घ्याल, की आधी काही खाल? काहीही केलंत तरी मध्ये एकदा तपासा. खाण्याच्या यादीत केकचा लहान तुकडाही होता.

शिंप्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अगं, हे मला विचारतंय," तो बायकोला म्हणाला. "तुम्हाला काय जमेल म्हणून."

बायकोचा विश्वास बसेना. तिने नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, पण लहान म्हणजे लहानच. सुनेने सासऱ्याचीच टेप आणून तुकडा मापला. शिंप्याने तो चवीचवीने वीस मिनिटं खाल्ला.

सभागृहात दोघं असे काही नाचले की तिसऱ्या फेरीपर्यंत बारा जोड्यांतल्या चारच उरल्या, त्यांत हे. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला: तपासा. शिंपी भर नाचात थांबला आणि खुर्चीवर बसून त्याने बोट टोचलं. अडुसष्ट, म्हणजे कमी. ॲपने सांगितलं: अर्धा ग्लास रस प्या, पंधरा मिनिटं बसा, मग पुन्हा तपासा.

"तू नाच, मी बसतो," तो म्हणाला.

"एकटी काय नाचू? सरका जरा," म्हणत बायको शेजारी टेकली.

पंधरा मिनिटांनी शुगर एकशे चार झाली, पण तोवर बक्षीस एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको घेऊन गेले होते. वादक वाद्यं आवरत होते. शिंप्याने जाऊन त्यांना एकच गाणं मागितलं. त्यांनी चार वाजवली. पाहुणे उठले, परीक्षक उठले, दातांचे डॉक्टर बक्षिसाचा कप बगलेत मारून नाचले, आणि सून घरी चला म्हणायला आली ती स्वतःच गिरक्या घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. नवराबायकोला जिना उतरवेना आणि हसू आवरेना.