खळ्याचं साल

रावजीने डोळे मिटले, हात जोडले आणि खोताच्या ओटीवर, समोर देवी नसताना, चौथ्यांदा गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. पुढ्यात भिकाजी मास्तर कागद धरून बसला होता. तो एकेक ओळ वाची, रावजी ती पाठ म्हणून दाखवी. गावाची राखण झाली, गुरांची झाली, मुंबईला गेलेल्या पोरांची झाली. मग ती ओळ आली आणि म्हातारा पुन्हा अडला.

"इंग्रज सरकारच्या..." मास्तरने सुरुवात करून दिली.

"सरकारच्या..."

"गोळीनं. म्हणा, रावजीबाबा. गोळीनं पडला तो धाकू."

रावजीने डोळे उघडले.

"मास्तर, वाईच पाणी मिळंल?"

आतून तांब्या आला. साठ वर्षांत या घरचं पाणी त्याने कितीदा तरी प्यायलं होतं, पण ते खाली अंगणात उभं राहून, ओंजळीत वरून धार घेऊन. आज पहिल्यांदा तो ओटीवर चढला होता आणि तांब्या त्याच्या हातात दिला होता. तांब्या गार होता. ही एक ओळ खोताला केवढ्याला पडते आहे, हे रावजीला त्या गारव्यातून कळलं.

बारा वर्षांपूर्वी शिरकोंडच्या सात वाड्यांची कुळं याच घराच्या खळ्यावर येऊन बसली होती. खोताच्या माणसाने उभ्या पिकावरून नजर फिरवून आकडा सांगायचा आणि तेवढं भात कुळाने खळ्यावर आणून ओतायचं, मग शेतात निम्मं पिकलेलं का असेना, हे त्यांना नको होतं. आणि नको होती वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामाला फुकट जायचं, स्वतःचं भात शेतात झडत असलं तरी. तीन दिवस माणसं बसली. कोणी दगड उचलला नाही. चौथ्या सकाळी म्हाताऱ्या खोताने पायरीवर उभं राहून बंदूक उडवली, आणि रावजीचा धाकटा मुलगा, धाकू, भाताच्या राशीवर पालथा पडला. पोलीस आले ते दोन दिवसांनी. त्यांनी एकही बार काढला नाही. एकोणीस माणसं दोरीला बांधून खेडला नेली, एवढंच.

खेडच्या कागदात त्याचं नाव दंगा. खोताच्या घरात त्याचं नाव कुळांचा माज. गावात नुसतं खळ्याचं साल. कुणाचं पोर कधी जन्मलं हे सांगताना बायका ते साल धरतात. आणि गेल्या वर्षी मुंबईत काँग्रेसचं सरकार बसलं, खोती बुडवायच्या कायद्याची बोलणी सुरू झाली, तशी म्हाताऱ्या खोताच्या पोराने, अप्पाने, अंगावर खादी घेतली आणि त्याचं चौथं नाव काढलं. सत्याग्रह. इंग्रजांविरुद्ध खोत आणि कुळं म्हणे खांद्याला खांदा लावून लढली. उद्या देवदिवाळीला देवळापाशी दगड बसायचा होता, धाकूच्या नावाचा. खेडहून टोपीवाली मंडळी यायची होती.

अप्पाने मास्तरला चहा घ्यायला आत पाठवलं आणि सुपारी कातरत रावजीजवळ बसला.

"दगडावर काय कोरलंय ते तुमच्यात कोणी वाचणार नाही, रावजी. ते मला ठाऊक आहे. पण तू देवीपुढे बोलतोस ते राहतं."

"व्हय."

"बारा वर्षं ऐकतोय मी."

ते खरं होतं. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान रावजीच्या घराचा. दर देवदिवाळीला तो काळकाईपुढे उभा राही आणि म्हणे, 'खोताच्या खळ्यावर, खोताच्या बंदुकीनं पडला तो धाकू, त्याला आये, तुज्या पदराखाली घे,' आणि सगळा गाव एका तोंडाने म्हणे, 'व्हय म्हाराजा!' म्हातारा खोत मरेपर्यंत देवळाची पायरी चढला नाही. अप्पा मात्र येई. मानाचा नारळ हातात धरून, मान खाली घालून गावाचा तो होकार ऐकून घेई.

"बाबा गेले," अप्पा म्हणाला. "मेलेल्याला तू काय फासावर देणार? वेठ मात्र जिवंत आहे. उद्या पाहुण्यांसमोर स्टांपाच्या कागदावर सही करतो. सातही वाड्यांची वेठ बंद. माझ्या नातवंडांनासुद्धा ती मागता येणार नाही, असं लिहून घेतलंय. तुझं गाऱ्हाणं आधी, माझी सही मागून."

"आनि मी जुनंच बोललो तर?"

"तर पाहुणे जेवून जातील."

सुपारीचा तुकडा अडकित्त्यातून उडाला. अप्पाने तो उचलला, फुंकला.

"धाकूने मागितलं होतं तेच देतोय मी, रावजी."

"तो जिता व्हता तवा द्यायचं, अप्पा."

अप्पाने तो तुकडा तोंडात टाकला. रावजीने तांब्या खाली ठेवला, आणि मास्तर परत आल्यावर ती ओळ न अडता म्हणून दाखवली.

घरी त्याची बायको जनी पडवीत तांदूळ पाखडत होती. रावजीने सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

"अकरा छर्रे काढले मी त्याच्या आंगातनं," ती सुपाकडे बघतच म्हणाली. "करवंदीच्या काट्यानं. सरकारची गोळी येक असती, ती आरपार जाती. हे डुकरावर घालायचे छर्रे. कुनाच्या घरचे ते माला शिकवू नका."

"माला म्हाईत नाय व्हय?"

"मंग कुनाला सांगाय चाललाव? देवीला? ती काय तवा झोपली व्हती?"

"जने, वेठ जाते गो."

"जाऊंदे. माज्या पोराला इकून नको."

एवढ्यात मैना अंगणात आली. थोरल्याची, सखारामची बायको. सखाराम मुंबईला गिरणीत. घरात गडी म्हणून उरला तो रावजी, आणि खोताचा माणूस म्हाताऱ्याला बघून हसे, म्हणून वेठीला जायची ती मैना. गेला महिना खोताच्या बांधासाठी खाणीतून चिरे वाहायचं काम होतं. तिला सातवा लागला होता. याआधीची दोन पोटं पडली होती, त्यातलं एक खोताच्या खळ्यावरच, भाताच्या ओझ्याखाली. ती पायरीवर टेकली, डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मागे कमरेला लावून डोळे मिटून बसली. तांबडी माती घामाने तिच्या मानेवरून खाली ओघळली होती.

"परत कदी जायाचं?" रावजीने विचारलं.

"आजची झाली न्हवं?" मैना म्हणाली. "आता पुडल्या पाळीला."

जनीने सूप थांबवलं. सुनेकडे एकदा बघितलं, मग उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली,

"तुमची जीभ, तुमी बगा. मी येयाची नाय देवळात."

पण ती आली. सुरंगीच्या झाडाखाली बायका उभ्या होत्या, त्यांच्यात मागे, मैनेच्या दंडाला धरून. दगडावर हार चढला होता. खुर्च्यांवर टोपीवाली मंडळी बसली होती. त्यातल्या एकाने धाकूवर अर्धा तास भाषण केलं, आणि त्याच्या तोंडून धाकूचं नाव दोनदा धोंडू असं आलं. कुणी दुरुस्त केलं नाही. पुढ्यातल्या टेबलावर स्टांपाचा कागद होता, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मानाचा नारळ ठेवलेला.

रावजी देवीपुढे उभा राहिला.

"बा देवी म्हाराजा, आये काळकाये! आज ह्यो गाव तुज्या पायाशी जमला हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांची, गुराढोरांची राखन कर..."

"व्हय म्हाराजा!"

"पोटापाण्याला मुंबयला गेल्यात त्यांच्या पाठीशी उबी ऱ्हा..."

"व्हय म्हाराजा!"

गावाचा आवाज भरून येत होता. रावजीचे जोडलेले हात कपाळापर्यंत गेले.

"आनि इंग्रज सरकारच्या गोळीनं पडला तो धाकू, त्याला आये, तुज्या पदराखाली घे!"

कोणी बोललं नाही.

शे-दीडशे माणसं. त्यांतली काही त्या दिवशी खळ्यावर त्याच्या शेजारी बसलेली. एकोणिसांतली सात अजून जिती होती, ती सगळी तिथे उभी होती. कागदात काय आहे ते प्रत्येकाला माहीत होतं. अंगठ्याने जमीन उकरत, मान खाली घालून ती उभी राहिली, पण तोंड काही उघडेना. खोतापुढे खोटं बोलायला ती जन्मापासून शिकली होती. देवीपुढे तसं बोलायची सवय नव्हती.

"व्हय महाराजा," भिकाजी मास्तर एकटाच म्हणाला. त्याचा आवाज शाळेत हजेरीला यावा तसा आला आणि विरला.

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. अप्पाने टेबलावरचा नारळ उचलला. तो आता कागदाची घडी घालील, असं रावजीला वाटलं, आणि त्याला थोडं बरंसुद्धा वाटलं.

"व्हय म्हाराजा."

आवाज बायकांतून आला होता. गाऱ्हाण्याला बायका होकार देत नाहीत; त्या गावात कधी दिला नव्हता. म्हातारे मागे वळले. जनी देवीकडे बघत नव्हती की रावजीकडे बघत नव्हती. तिचा एक हात मैनेच्या दंडावर होता. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, घशातून फाडून काढल्यासारखं,

"व्हय म्हाराजा!"

मग धाकूच्या आईनेच म्हटल्यावर बाकीच्यांना काय अडचण? सगळा गाव म्हणाला. पहिल्यांदा पुटपुटत, मग नेहमीसारखं. अप्पाने सही केली. टाळ्या पडल्या. पुढची ओळ पावसापाण्याची होती, ती रावजीने कशी म्हटली हे त्याला नंतर आठवेना.

त्यांच्या वाडीची पाळी आठव्या दिवशी यायची. त्या दिवशी उजाडलं तरी खोताच्या माणसाची हाक आली नाही. ऊन अंगणात उतरलं. मैना आत झोपलेलीच होती. लग्न होऊन आल्यापासून या घरात ती उजाडल्यावर झोपून राहिली नव्हती. रावजी सवयीने तिला हाक मारायला उठला, तशी चुलीपुढून जनीने हात वर केला.

"उटवू नका."

तो तिच्याजवळ जाऊन बसला. आठ दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलली होती.

"जने," तो हळू आवाजात म्हणाला, "तिच्या पोटातल्याला काय सांगायचं? चुलता कसा गेला म्हनून?"

जनीने लाकूड आत सारलं.

"देवीम्होरं बोललाव तेच."

"पन घरात तरी..."

"घरात बी तेच. पोराच्या तोंडी काय ऱ्हातंय? येक दिस खोताच्या दारात बोलंल. मंग परत चिरे वाहायला कोन जायाचं?" तिने पदराने नाक पुसलं. धूर होता. "आता आपन दोगं हाव तवर हाय ते."

रावजी उठून पडवीत गेला आणि भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने त्याचे ओठ हलले. खोताच्या खळ्यावर, खोताच्या बंदुकीनं. त्याने ती जुनी ओळ आवाज न करता शेवटपर्यंत म्हटली, आणि बारा वर्षांच्या सवयीने गावाच्या होकारासाठी थांबला.

आत मैनेने कूस बदलली आणि ती पुन्हा झोपली.