डाव्या कोपऱ्यातलं पाणी

मिलचे महिन्याचे चारशे वीस सोडून मी दोनशेच्या कामावर गेलो, तवा अख्ख्या पाचपावली मोहल्ल्यानं मायी खोपडी तपासली. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे मिलनंच हाकललं. मले मायं जुनं मंडळ पाहिजे होतं, हे कोणाले पटेच ना.

गोष्ट शहात्तर सालची. मले एकोणचाळीसावं लागलं होतं अन् मी अजून कबड्डी खेळून राहिलो होतो. नऊ वर्षं आधी मिलनं मले आमच्या नवयुग मंडळातून उचललं. कागदावर मी सूत खात्यात होतो, पण सूत मी धोतरातच काय ते पाहिलं. काम एकच, मिलच्या टीमकडून खेळाचं.

तिथं सारं होतं. बूट, दूध, अंडे, मालिशवाला, डॉक्टर. फक्त हसाले मनाई. एकदा मी कॅप्टनच्या बुटात गूळ ठेवला, बाकीचं मुंग्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसर गिरिधरसाहेबांनी मले मेमो धरवला. इंग्रजीत होता, म्हून मी तो फ्रेम करून घरी लावला. मायी बायको कौशल्या येणाऱ्याजाणाऱ्याले सांगे, "याईले सर्टिफिकेट भेटलं."

मंग एक दिवस साहेबांनी बोलावलं. "चंद्रभान, पुढच्या हंगामापासून तुम्ही कोच. चारशे सत्तर देऊ. तुम्ही फक्त शिकवायचं."

"अन् खेळाचं?"

"तुमचा डावा गुडघा आपल्या डॉक्टरांनी पाहिला आहे," साहेब म्हणाले, अन् फाईल मिटली. जसा माया गुडघा त्या फाईलमध्येच होता.

मी त्याच दिवशी राजीनामा देला अन् सायकल संत्रा मार्केटात नेली. तिथले दलाल चंपतराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. म्हणे, "दोनशे देईन गा. काटोलचा माल उतरवून घे, पेट्या मोज. चार वाजता खेळाले मोकळा. पण टीममध्ये घेणं माया हाती नाही. ते वस्ताद पाहते."

घरी कौशल्याले सांगतलं. ती ब्लाऊज शिवून राहिली होती, तिनं मशीन काही थांबवली नाही.

"दोनशे वीस कमी येतीन," मी म्हटलं.

"मंग दोनशे वीसचं कमी खा. तसेही पोटानं आधी घरात शिरता अन् मागून तुमी येता."

"चिडली का वं?"

"चिडून काय करू? मिलमधून येता तं भिंतीकडे पाहत बसता. त्या पैशाचं म्या काय, भिंत घेऊ का आणखी?"

झालं, घरचं निपटलं. माया हिशोबानं आता फक्त हारतुरे बाकी होते.

रामाजी वस्ताद मैदानाच्या काठावर स्टूल टाकून बसले होते. वय सत्तरीचं, आवाज तिशीचा. त्याईनंच मले पकड शिकवली होती, अन् मिलमध्ये जातो हे मी त्याईलेच सांगतलं नव्हतं. नऊ वर्षं ते मायासंगं एक शब्द बोलले नव्हते. मी पाया पडलो. त्याईनं पाय मागं घेतले नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"वस्ताद, मी वापस आलो."

"दिसून राहिलं."

मंडळाच्या टिनाच्या खोलीत प्रत्येक खेळाडूची एक खुंटी होती, कपडे टांगाले. खुंटी ज्याची तो टीमचा, बाकी सारे पाहुणे. माया खुंटीवर बादली लटकून होती.

"हे काय?" मी इचारलं.

"नऊ वर्षं झाले, तिथंच राहते ते," वस्ताद म्हणे. "बादलीनं कधी मंडळ सोडलं नाही."

मंग त्याईनं अट घातली. पंधरा दिवसांनी आमच्याच मैदानावर मिलसंगं सामना होता. मी डाव्या कोपऱ्यात खेळाचं. जिंकलो तं खुंटी मायी. हरलो तं उरलेल्या जिंदगीत संत्र्याच्या पेट्या मोजाच्या.

"अन् तवरीक मैदान तू शिंपशील. या हंगामात तूच नवा आहे."

हा मंडळाचा रिवाज. सगळ्यात नवा जो असंन त्यानं विहिरीचं पाणी काढून मैदान शिंपाचं. धूळ बसते, अन् पडलं तं कातडी जात नाही. नवा म्हणजे सोळा-सतरा वर्षाचा पोट्टा. मी एकोणचाळीसचा, विदर्भभर खेळलेला, बादली घेऊन उभा. भिंतीवर बसलेल्या साऱ्यांनी पोट धरधरून हसून घेतलं. मीही हसलो. कितीक वर्षांनी मैदानावर हसलो अन् मेमो आला नाही.

पण शिंपता शिंपता डोकं चालू होतं. मिलचा चढाईवाला होता वसंता. जबर पोट्टा. त्याची लाथ मीच तयार केली होती. अन् माया डावा गुडघा कोणत्या बाजूनं दगा देते, हे त्याले मायापेक्षा चांगलं माहीत. तो पयल्या चढाईपासून डाव्या कोपऱ्यातच घुसन, हे मले चक्क दिसून राहिलं होतं. पण वसंताचीही एक गोष्ट मले माहीत होती. मागच्या साली कामठीले तो ओल्या कोपऱ्यात घसरला अन् दोन महिने हात पलस्तरात घेऊन फिरला. तवापासून ओली जमीन दिसली की तो मांजरासारखे पाय उचले.

मी धुम्मस आणली. दोन्ही अंगणांतले डावे कोपरे आठ दिवस ठोकले, कारण अर्ध्या वेळानंतर बाजू बदलते. कोपरे ओट्यासारखे टणक झाले. सामन्याच्या दिवशी बाकी मैदान पहाटेच शिंपून घेतलं, ते दुपारवरी वाळून पांढुरकं झालं. चार वाजता दोन्ही कोपऱ्यांवर चाळलेली काळी माती पातळ पसरली, वरून बोटांनी पाणी मारलं. दुरून पाहाल तं म्हशीनं लोळावं असा चिखल.

मिलचा ट्रक आला तवा मी त्यातल्याच एका कोपऱ्यातून चड्डी आवरत, पाय जपत चाललो होतो. मधात एकदा घसरूनही दाखवलं.

"काय चंदूभाऊ, पाणी जास्त झालं का?" वसंता ट्रकातूनच बोलला.

"बादलीचा कान तुटला बाप्पा. सारी तिथंच सांडली."

गिरिधरसाहेब पयल्या रांगेत खुर्चीवर बसले. त्याईच्या बाजूच्या स्टुलावर वस्ताद. चंपतरावांनी संत्र्याची टोपली ठेवली, ती दोघांच्या मधात.

सामना सुरू झाला. वसंता यायचा, डाव्या कोपऱ्यावर नजर टाकायचा अन् उजवीकडे वळायचा. उजवीकडे आमचे तीन तगडे गडी त्याचीच वाट पाहत. एकदा धरला, दोनदा धरला. मी माया कोपऱ्यात उभा, वरून म्हणून राहिलो, "ये ना बे इकडं. मायाजवळ कोणीच येऊन नाही राहिलं." मिलचे गडीही त्याईच्या अंगणातला काळा कोपरा सोडूनच उभे राहत, पाय टाकून कोणीच पाहिला नाही. अर्ध्या वेळाले आम्ही सात गुणांनी पुढं होतो.

बाजू बदलली, तिथंही डावा कोपरा काळा. मिलचे बाकीचे गडी चिडून खेळले अन् एकेक गुण उतरवत आणले. शेवटी एका गुणाचं अंतर राहिलं, चढाईही एकच राहिली. वसंताची.

तो मधली रेघ ओलांडून कबड्डी कबड्डी करत आला. उजवीकडे वळता वळता त्यानं अंगठ्यानं काळ्या मातीले सहज टोचलं. अंगठा आत गेलाच नाही.

दम चालू असल्यानं त्याले बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी त्यानं मले शिवी देलीच. मंग सरळ मायावर आला.

आता चेष्टा संपली होती. त्यानं मले शिवून रेघ गाठली तं बरोबरी, अन् जादा पाच मिनिटं. माया गुडघ्यात जादा पाच मिनिटं नव्हती. पण ती लाथ मायीच शिकवलेली. मारण्याआधी वसंताचा डावा खांदा चिमूटभर खाली येते. मिलमध्ये दोन वर्षं मी त्याले सांगतलं, बाबू, खांदा सांभाळ. त्यानं ऐकलं नाही.

खांदा खाली आला. मी लाथ यायच्या आधीच बसलो अन् ती पोचली तवा त्याचा घोटा माया दोन्ही हातांत होता. गुडघ्यातून विळा फिरल्यासारखी कळ आली. मी घोटा सोडला नाही. त्यानं मले हातभर ओढत नेलं, पण जमीन टणक होती, माया दुसरा पाय रोवून राहिला. खऱ्या चिखलात मीच वाहून गेलो असतो. तवरीक बाकीचे सहा जण त्याच्यावर पडले अन् त्याचा दम तुटला.

शिट्टी झाल्यावर गिरिधरसाहेब कोपऱ्यात आले, पेनानं माती उकरून पाहिली. "ही फसवणूक आहे, चंद्रभान."

"लिहून द्या ना साहेब. मैदान कोरडं होतं अशी तक्रार."

साहेबांनी पेन खिशात टाकलं. वसंता मात्र जमिनीवर पडल्या पडल्या हसून राहिला होता. मिलचा गडी मैदानावर हसताना मी पयल्यांदा पाहिला. म्हटलं, लेका, आता तुले मेमो.

खोलीत वस्ताद एकटेच होते. मी लंगडत गेलो.

"तुले शिंपाले सांगतलं होतं," ते म्हणे. "रंगवाले नाही."

"हो वस्ताद."

"शेवटची पकड मात्र चांगली होती."

त्याईनं खुंटीवरची बादली काढली. खुंटी मोकळी झाली. मी सदरा काढून तिथं टांगणार, तं त्याईनं बादली माया हातात देली.

"उद्या सहा वाजता. अन् पूर्ण मैदान, नुसते कोपरे नाही."

याले आता तीन वर्षं झाले. खुंटीवर मायाच सदरा असते अन् मैदानही मीच शिंपतो. मंडळात तवापासून पाच पोट्टे आले. दरवेळेस मी बादली पुढं करतो, अन् दरवेळेस वस्ताद म्हणते, "थांब. हा जुना आहे, याचा बाप खेळत होता इथं."

पाचही जणांचे बाप कसे काय खेळले, हे मी अजून इचारलं नाही.