बिनआवाजी मिक्सर

जावयाला आवाजाचा भारी तिटकारा. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि त्या धंद्यात आवाज म्हणजे बिघाड. कुणाकडे जेवायला गेला आणि पंखा कुरकुरला, तर हा गृहस्थ ताटावरून उठून स्टूल शोधायचा. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाच्या हाती सासूबाईंचा जुना मिक्सर लागला. भांड्यावर मान वाकवून उभा राहणारा, लोखंडी, उचलताना कंबर धरावी असा. त्याच्यावर केक करून विकत सासूबाईंनी लेकीला एकटीनं वाढवलं होतं. पुढे त्यांची नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा, म्हणून लेकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. एके काळी जिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती, ती बाई आता 'सवड असेल तर' म्हणून पाणी मागायची. ते ऐकलं की जावई ताटावरून उठून पाणी आणायला धावायचा.

मग एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "जावईबापू, माझा मिक्सर चालू होईल का? तो असला तर क्रीम फेटायला जमेल मला."

एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. जावयानं जेवणाचं टेबल अडवलं. सगळे मांडी घालून जमिनीवर जेवू लागले. त्यानं वाळून खडा झालेलं ग्रीस खरवडून काढलं, मोटरचे कार्बन बदलले, झिजलेल्या गिअरच्या जागी ओळखीच्या टर्नरकडून नवा करून बसवला. वायर बदलली, रंग दिला. इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मोटर अजून गुरगुरत होती ना. त्यानं कव्हरच्या आतून जाड फोम चिकटवला, पायांखाली रबर लावलं. आता कान टेकवला तरी पत्ता लागेना.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. क्रीम ओतलं, चाचपडत बटण दाबलं, मान तिरकी केली. बराच वेळ तशाच.

"चालू आहे ना हा?"

"एकदम मस्त चालू आहे," जावई छाती फुगवून म्हणाला. आपल्याच कौतुकात तो भांड्यात बघायला विसरला. बायकोनं डोकावलं तेव्हा क्रीम फाटून लोण्याचे गोळे पाण्यात फिरत होते.

सासूबाईंनी बोट बुडवून पाहिलं. "मिक्सर छान झालाय हो," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

"नेमकं काय चुकलं, आई?" जावयानं जवळ जाऊन विचारलं.

"तुमचं नाही चुकलं. क्रीम घट्ट होत आलं की तो जड बोलायचा. डोळे होते तेव्हासुद्धा मी त्याच्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, एवढं तरी न बघता येईल."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज त्याची पाळी होती.

त्यानं मिक्सर उचलून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि तिथंच उघडला. फोम खरवडला, रबर उपटलं. मोटर गुरगुरली.

"हा आवाज निराळा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"गिअर नवा आहे. जुना परत बसवू?"

"नको, तो जीव सोडेल एक दिवस. ओट्यावर ठेवा हा, आणि क्रीम आणा."

पहिलं भांडं त्यांनी फार लवकर थांबवलं. पातळच राहिलं. स्वतःवर चिडल्या, "अडाणी" म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबलं. जावई वाकून भांड्यात बघत होता. त्याला अजून पातळच वाटत होतं. थोडं थांबा, असं तो सांगणार, तेवढ्यात सासूबाईंनी मिक्सर बंद केला.

त्यानं फेटणी वर उचलली. क्रीम तिच्या टोकाला ताठ उभं राहिलं, गळलं नाही.

"झालंय, आई."

"मला माहीत आहे झालंय ते," सासूबाई फणकारल्या. "तुम्ही मधून बाजूला व्हा आधी. आणि माझ्या हातात काहीतरी पुसायला द्या, सगळ्या ओट्यावर ग्रीस करून ठेवलंय मेल्यानं."

जावई मुकाट्यानं फडकं आणायला गेला. शिवी खाऊन इतका आनंद त्याला आजवर कधी झाला नव्हता.