कॉम्प्युटरातल्या अक्का

घर बदललं की सामान तेच असतं, पण नव्या घरात एकही खुंटी जुन्या जागेवर नसते. प्रोग्रॅम नव्या टूलकिटवर नेणं हे तसलंच काम. टूलकिट म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, रकाने काढून देणारं तयार साहित्य. ते बनवणारी मंडळी कुठेतरी लांब बसून एक दिवस जाहीर करतात, जुनी आवृत्ती बंद, नवी घ्या. नवीत बटणाचं नाव तेच, पण दाबल्यावर काय व्हावं हे सांगायची रीत निराळी. जुन्यात मी मोजूनमापून बसवलेला रकाना नवीत आपल्या मर्जीनं सरकतो. दोन हजार सहा साली मी त्या मंडळींना रोज शिव्या घालत होतो. ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे अगदी मोकळेपणानं घालत होतो.

खोली राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. पुढे ऑफिस, मागे घर. ऑफिसात दोन खुर्च्या. एक माझी, आणि दुसरी शिवलीलाची, माझ्या बायकोची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या खुर्चीवर मी जुन्या कागदांचा गठ्ठा मुद्दाम ठेवला होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथे बसू नये. येणारं-जाणारं कुणी उरलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. सुरुवातीला लोक आले. 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्या दोघातिघांना मी जिना दाखवला, मग बाकीचे आपोआप थांबले. मूलबाळ नव्हतं. खाणावळवाल्याशी 'भात नको' एवढंच बोलणं व्हायचं. पुढे पुढे तो विचारायचाही बंद झाला आणि माझा आवाज दिवसभर टूलकिटला शिव्या घालण्यापुरताच उरला.

आमचा प्रोग्रॅम गावोगावच्या दूध संस्थांत चालायचा. दूध घालायला आलेल्या खातेदाराचा नंबर टाकायचा, मग वजन, मग फॅट, की चिठ्ठी छापून बाहेर. सत्त्याण्णव साली मी तो लिहिला तेव्हा चूक झाली की पडद्यावर यायचं, 'चूक क्रमांक ४०'. पेठ वडगावजवळच्या एका संस्थेत ते बघून सेक्रेटरीनं घाबरून मेन स्विचच पाडला. बाहेर कॅन घेऊन उभी असलेली रांग ओरडायला लागली. शिवलीला माझ्याबरोबर आली होती. परतताना एसटीत म्हणाली, "अहो, माणसाशी असं बोलतात का? तुम्ही घरी जसं बोलता तसंच त्या पेटीलाही शिकवलंय."

त्या दिवसापासून पडद्यावरचं सगळं बोलणं तिच्याकडे गेलं. ती गडहिंग्लजकडची, माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. संस्थेतल्या माणसांशी ती त्यांच्याच बोलीत बोलायची, आणि तेच तिनं प्रोग्रॅममध्ये लिहिलं. फॅटचा रकाना मोकळा सोडला की यायचं, 'फॅट कुणी घालायची? सांगून सांगून दमले मी.' वजन भलतंच पडलं की, 'एवढं दूध? म्हस हाय का टँकर?' प्रिंटरचा कागद संपला की, 'कागद संपलाय. माझ्याकडं बघून काय उपेग?' सकाळचं काम नीट बंद केलं की, 'झालं बगा. आता चा घ्या.'

आणि एक होतं, ज्यावरून आमचं भांडण झालं होतं. रोज दूध घालणारा खातेदार मध्येच यायचा थांबला, तर प्रोग्रॅमनं त्याचं नाव दाखवायचं आणि खाली लिहायचं, 'ह्ये दिसंनात अलीकडं. घरी जाऊन बघून या.' मी म्हणालो, हे दुधाचं सॉफ्टवेअर आहे, पंचायत नाही. ती म्हणाली, "रोज येणारं माणूस आलं नाही, तर जाऊन बघायला नको?" मी वैतागून ते घातलं.

तर नव्या टूलकिटवर खिडक्या उभ्या राहिल्या, बटणं चालायला लागली, आणि मी शिवलीलाचे संदेश तिकडे नेले. पडद्यावर सगळा कचरा आला. तिनं टाइप केलं होतं जुन्या मराठी फॉन्टात. त्यात दिसायला मराठी असतं, आत इंग्रजी किल्ल्यांचं कडबोळं. नवं टूलकिट युनिकोड, म्हणजे आतूनही मराठी असलेली अक्षरं मागतं, त्याला ते कडबोळं जसंच्या तसं दिसतं. टोप्या घातलेले इंग्रजी स्वर, पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. तिचं एकही वाक्य वाचता येईना. बदलून देणारे प्रोग्रॅम होते, त्यांनी जोडाक्षरांची आणखीच वाट लावली. एकच उपाय होता. जुना कॉम्प्युटर शेजारी ठेवायचा, त्यावर वाचायचं आणि नव्यावर हातानं लिहायचं.

लिहायला बसलो. पाच-सहा वाक्यं झाल्यावर वाचून बघितलं तर ती माझीच झाली होती. 'न्हाय'चं 'नाही' केलं होतं, 'बगा'चं 'पाहा'. मला कळलंही नव्हतं. तिचं बोलणं माझ्या हाताला येत नव्हतं. चिडलो, कीबोर्ड आपटला. तेवढ्यात संघाच्या विश्वजितचा फोन आला. संघ म्हणजे या सगळ्या संस्थांचं दूध घेणारा, आणि विश्वजित तिथला नवा कॉम्प्युटर अधिकारी, पोरगा सभ्य. म्हणाला, "सर, भाषा जरा प्रमाण करता येईल का? संघाच्या प्रतिष्ठेचं बघायला हवं. मी मजकूर पाठवतो." एरवी मी त्याला उभा-आडवा सोलला असता. त्या दिवशी म्हणालो, पाठव.

एका दुपारीत सगळं झालं. 'योग्य वजन प्रविष्ट करावे.' 'मुद्रकात कागद उपलब्ध नाही.' 'खातेदार निष्क्रिय.' वाक्यं कुणाचीच नव्हती, त्यामुळे लिहिताना काही वाटलं नाही. सीड्या संस्थांना गेल्या. मी जुना कॉम्प्युटर झाकून ठेवला. आता घरात तिचा आवाज कुठेच नव्हता, आणि मी स्वतःला सांगत होतो की हे बरं झालं.

महिन्याभरानं नेसरीहून फोन आला.

"शिवप्रसादसायेब हायसा का? मी ज्ञानू, दूध संस्थेचा सेक्रेटरी. सायेब, अक्का बोलंनात की!"

"कोण अक्का?"

"आपल्या कॉम्प्युटरातल्या ओ. नवीन शीडी घातल्यापास्नं गप्पच हाईत. कायतरी प्रविष्ट-प्रविष्ट येतंय नुस्तं."

हा ज्ञानू नंतर लागलेला, शिवलीलाला त्यानं कधी बघितलेलंही नव्हतं. मी म्हणालो, "नवीन आवृत्ती आहे. भाषा बदललीय. काम चालतंय ना?"

"काम चालतंय, पर करमत न्हाय. रांगंतली माणसं इचारत्यात, आज अक्का काय म्हणल्या? आन दुसरं सांगतो, त्ये निष्क्रिय म्हंजे काय? आमच्या धोंडुबाईच्या नावापुढं आलतं. म्हातारी एकटी, एक म्हस. आमाला वाटलं, खातं बंद केलंय वरनं. कोण गेलंच न्हाय बघाय. आन ती तापानं फणफणून पडलीती, म्हस दावणीला वराडत हुती. शेजारणीला कळालं म्हणून वाचली. आदी अक्का सांगायच्या, घरी जाऊन बघून या. मग एकजण जायचाच की. अक्कास्नी एवढं इचारा, काय चुकलं आमचं?"

आता जे म्हणायचं होतं ते दोन वर्षांत मी कुणालाही म्हटलं नव्हतं. लोकांना ते आधीच माहीत असायचं.

"ज्ञानू, ती वारली," मी म्हणालो. "माझी बायको ती. दोन वर्षं झाली."

पलीकडे कुणीतरी कॅन आपटला.

"आन आमच्यासंगं तर गेल्या म्हयन्यापर्यंत बोलत हुत्या," ज्ञानू हळूच म्हणाला. मग विचारलं, "तुमच्या घरात कोण असतंय मग?"

"कोण नाही."

"बरं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी विश्वजितला फोन लावला आणि सांगितलं, "जुने संदेश परत येणार. प्रतिष्ठा संघानं कपाटात ठेवावी." तो काहीतरी समजावायला लागला, तेव्हा फोन ठेवून दिला. मग जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. या वेळी रीत बदलली. आधी तिचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं, तिच्यासारखं, हेल काढून, आणि तोंडातून आलेलं तसंच लिहायचं. 'म्हस हाय का टँकर?' म्हणालो आणि एकटाच हसलो. 'सांगून सांगून दमले मी' मात्र दोनदा म्हणावं लागलं. मला तिची फार आठवण आली. इतके दिवस ती येऊ नये म्हणूनच मी सगळी धडपड करत होतो. आता आली तर येऊ दे म्हटलं आणि डोळे पुसत पुढचं वाक्य घेतलं. फोन मध्ये मध्ये वाजायचा. विश्वजित असणार म्हणून मी उचलत नव्हतो. खाणावळीतही गेलो नाही, पोहे खाऊन भागवत होतो. संदेश शेकड्यांनी होते आणि मला एकही चुकवायचा नव्हता.

सगळ्यात शेवटी ते भांडणाचं वाक्य ठेवलं होतं. 'ह्ये दिसंनात अलीकडं.' एवढं लिहून झालं आणि दारावर थाप पडली.

दारात एक तरुण माणूस, घामानं निथळलेला, हातात कापडानं तोंड बांधलेली स्टीलची किटली. त्यानं मला आपादमस्तक बघून घेतलं.

"सायेबच न्हवं तुमी? मी ज्ञानू. नेसरीचा."

"अरे, तू इथे? पत्ता कुणी दिला?"

"शीडीवर हाय की. किती फोन केलं, उचलंनासा. एकटं माणूस म्हणलासा, मग म्हणलं जाऊन बघून येऊ. सकाळचं दूध आटपलं आन एसटी धरली." त्यानं किटली पुढे केली. "धोंडुबाईच्या म्हशीचं हाय. तापवून आणलंय, नासायचं न्हाय. सांजच्या दुधाला परत जायाचंय मला, बसत न्हाय."

मी किटली घेतली. अजून कोमट होती. मग शिवलीलाच्या खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला.

"बस," मी म्हणालो. "चहा टाकतो."