कूलरने वाळवलेली बरी

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. म्हणजे होतो. आता मला कोणी कूलर म्हटलं की राग येतो, आणि राग आला की माझी जाळी खडखडते. तिकडे लक्ष देऊ नका. या वयात थोडा खडखडाट चालायचाच.

माझा जन्म रायपूरच्या उत्तर टोकाला, भनपुरीत झाला. ट्रकची गॅरेजेस आणि लोखंडाची गोदामं यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड होती. तिथे १९९९ च्या मार्चमध्ये श्यामकांत नावाच्या सत्तावीस वर्षांच्या माणसाने पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि मला उभं केलं. मी त्यांच्या हातचा पहिला कूलर. "पहिला म्हणून घरी ठेवला," असं ते पाहुण्यांना सांगत. खरी गोष्ट अशी, की माझा डावा पाय अर्धा इंच आखूड झाला होता आणि मला कोणी विकत घेतलं नसतं. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून मला त्यांच्या घरातल्या मोठ्या खोलीच्या खिडकीत बसवलं. बसवलं ते बसवलंच.

रायपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना माझी किंमत कळणार नाही. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. अशा वेळी विजयाताई, म्हणजे श्यामकांतांची बायको, माझ्या टाकीत बादलीने पाणी भरायच्या, पंप सुरू व्हायचा, तिन्ही बाजूंचं गवत भिजायचं आणि त्याचा ओला वास घरभर पसरायचा. श्यामकांतांच्या मूळ गावाकडचे, म्हणजे अमरावतीकडचे पाहुणे माझ्यासमोर आडवे होत आणि म्हणत, "श्यामकांत, काय कूलर बनवला रे बाप्पा!" मी फुगून जायचो. त्यांची मुलगी क्षमा लहान असताना माझ्या पंख्यासमोर तोंड नेऊन "आऽऽऽ" करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून खदाखदा हसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एसी आले. पंडरीच्या कापडबाजारातले दुकानदार पूर्वी दहा-दहा कूलर एकदम नेत, ते नुसता नमस्कार करून पुढे जाऊ लागले. श्यामकांतांनी ऐकलं नाही. "गर्मी रायपूरची आहे, कूलरशिवाय चालणार नाही," असं म्हणत ते दरवर्षी नव्या बॉड्या ठोकत राहिले. शेवटी शेडमध्ये चाळीस कोऱ्या बॉड्या रांगेने उभ्या राहिल्या. त्यांना मोटर नव्हती, पंखा नव्हता आणि गिऱ्हाईक तर नव्हतंच. माझीही मोठ्या खोलीतून मागच्या व्हरांड्यात बदली झाली. माझ्या डोक्यावर कांद्याची टोपली आली आणि जाळीला फरशी पुसायचं फडकं. मित्रांनो, ज्याने घर गार केलं त्याच्या तोंडावर ओलं फडकं वाळत घालणं मला फार लागलं.

एका ऑगस्टमध्ये क्षमा परत आली. ती नागपूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकत होती. दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. दोन बॅगा दारात ठेवून ती म्हणाली, "बाबा, मले नाही करायचं ते. मी सोडून आली."

श्यामकांत काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाहीत आणि नंतरही नाहीत. एकाच घरात राहून बाप मुलीशी बोलेना. काही सांगायचं झालं तर ते विजयाताईंना सांगत, आणि क्षमा तिथेच बसलेली असे. नातेवाइकांचा फोन आला की म्हणत, "सुट्टीवर आली आहे पोट्टी." सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, सुट्टी काही संपेना. दिवाळीनंतर त्यांनी बायकोजवळ निरोप दिला, "तिले सांग, डिसेंबर संपेपर्यंत मुदत. तोवर काही करून दाखव म्हणा. नाहीतर जानेवारीत मुकाट्यानं कॉलेजात परत जायचं."

क्षमाला काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती दिवसभर मागच्या व्हरांड्यात माझ्याजवळ बसायची, माझ्या पत्र्याचे रंगाचे पोपडे नखाने काढायची. मला तिचा फार कळवळा यायचा. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, की पोरी, मीही इथेच पडून आहे, पण आतून मी अजून ठणठणीत आहे.

आता बरीची गोष्ट सांगतो. आपल्याकडे विदर्भात कोहळ्याचे सांडगे करतात ना, तशीच छत्तीसगडमध्ये रखिया बरी करतात. रखिया म्हणजे कोहळाच. तो किसायचा, भिजवलेली उडदाची डाळ वाटून त्यात मिसळायची, हात भरून येईपर्यंत फेसायचं आणि कापडावर छोटे छोटे गोळे घालून तीन दिवस कडक उन्हात वाळवायचे. विजयाताई ही बरी शेजारच्या दीपमालादीदींकडून शिकल्या होत्या, आणि आता गुरूपेक्षा चेलीची बरी हलकी होते असं साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोललं जाई. त्या डिसेंबरमध्ये तेलीबांध्याच्या पूर्णिमाकाकूंनी त्यांना मुलीच्या लग्नाचं काम दिलं. रुखवतात मांडायला आणि पाहुण्यांना पुड्या द्यायला दहा किलो बरी हवी होती. विजयाताईंनी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरचं काम घेतलं होतं. लग्न आठ दिवसांवर आलं. मोठमोठी पातेली भरून डाळ भिजली, पहाटेपासून वाटून झाली, फेसून झाली.

आणि आभाळ भरून आलं.

दीपमालादीदी कुंपणापलीकडून ओरडल्या, "बादर हावय भाभी, बरी झन डार!" ढग आहेत, बरी घालू नकोस. ढगाळ दिवशी बरी घालायची नाही हा इथला नियमच आहे. ऊन नसेल तर बरी लाल पडते, आंबते, फेकून द्यावी लागते. पण वाटलेली डाळ पुन्हा दाणे थोडीच होणार होती? रेडिओवर सांगत होते, चार दिवस असंच राहील. विजयाताई पातेल्यांसमोर मटकन खाली बसल्या.

क्षमा त्यांच्याकडे बघत होती. मग ती माझ्याकडे बघू लागली. बराच वेळ बघितलं आणि माझ्या डोक्यावरची कांद्याची टोपली उचलून खाली ठेवली.

"आई, ह्याची मोटर चालते अजून?"

"चालते असंन. काहून?"

तिने माझं सगळं गवत उपटून काढलं, पंप काढला, टाकी कोरडी पुसली. मी घाबरलो. माझ्यातून पाणीच काढून घेतलं तर मी उरतो काय? मग ती भनपुरीला गेली, बाबांच्या नाकासमोरून एक कोरी बॉडी उचलली आणि ई-रिक्षात घालून घेऊन आली. ती बॉडी तिने माझ्या तोंडाला तोंड लावून ठेवली. तिच्या पोटात लाकडी चौकटींना मच्छरदाणीची जाळी ठोकून एकावर एक नऊ ताटल्या सरकवल्या आणि आईला म्हणाली, "टाक ह्याच्यावर बरी."

माझा पंखा सुरू झाला. वारा भरपूर लागला, पण त्या गारठ्यात नुसत्या वाऱ्याने काय होणार? अकरा वाजले तरी बरी ओलीच्या ओली. दीपमालादीदी येऊन बोट लावून पाहून गेल्या. क्षमाचे डोळे भरून आले होते. तिने ते बाहीने पुसले आणि कपाटावरच्या जुन्या हीटरच्या दोन कॉइल आणून माझ्या पाठीमागे, जिथे गवत असायचं तिथे बसवल्या. आता मी गरम हवा ओढू लागलो आणि समोर फेकू लागलो. ताटल्यांमधून कोमट वारा वाहू लागला. बरीवर साय धरल्यासारखा पापुद्रा येऊ लागला. आई आणि मुलगी एकमेकींकडे बघून हसल्या.

पण मित्रांनो, माझी अवस्था वाईट होती. कूलरची मोटर पंख्याच्या मागे असते. आजवर तिला गार, ओली हवा लागत होती, आणि आता तापलेली हवा थेट तिच्यावरूनच येत होती. माझा आवाज बदलला. मी घुंईऽऽ करत होतो ते हळूहळू घरघर करू लागलो. त्या दोघींना काही कळलं नाही.

एक वाजता श्यामकांत जेवायला घरी आले. स्कूटर अजून फाटकात होती, आणि त्यांनी माझा आवाज ऐकला. पंचवीस वर्षं कूलर बनवलेला माणूस तो. स्कूटर तशीच टाकून, चपलांसकट ते मागच्या व्हरांड्यात धावत आले आणि ओरडले,

"अवं पोट्टे, मोटर जळन! कॉइल मागं काहून लावली? समोर लाव, समोर! पंख्याच्या पुढं!"

सगळे थबकले. चार महिन्यांनी बाप मुलीशी बोलला होता, आणि बोलला तो हे! क्षमा आधी दचकली, मग तिच्या ओठांवर हसू आलं, मग ती रडायलाच लागली. श्यामकांतांच्या लक्षात आलं की आपण बोलून बसलो. ते तसेच खाली बसले, बटण बंद केलं, माझ्या मोटरवर हात ठेवून ती किती तापली ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाना आण. आणि ही वायर अशी उघडी नको ठेवू, शॉक बसतो."

जेवण तसंच राहिलं. बापलेकींनी मिळून कॉइल पंख्याच्या पुढे घेतल्या, वायर नीट केल्या, दोन बॉड्यांमधली फट पत्र्याच्या पट्टीने बंद केली. "वारा वरच्या ताटल्यांत जास्त जाऊन राहिला बाबा," क्षमा म्हणाली. "मग आडवी पट्टी टाक तिथं, वाटला जाईल," ते म्हणाले. मी मधे बसून सगळं ऐकत होतो. माझ्या मोटरला पुन्हा गार हवा मिळाली होती, आणि मी असा काही पळालो की पुठ्ठ्याची घडी पायाखालून निसटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाहेर आभाळ तसंच काळं असताना, दीपमालादीदींनी एक बरी हातात घेऊन मोडली. कट्ट आवाज झाला. आतून ती पांढरीशुभ्र होती. त्यांनी मान हलवली, "हव, बने सुखागे!" छान वाळली म्हणे! अहो, त्या बाईंच्या तोंडून असं ऐकायला विजयाताईंना सात वर्षं लागली होती. मला दोन दिवस लागले.

लग्नाच्या रुखवतात बरीच्या ताटांभोवती बायकांची गर्दी होती. या ढगांत बरी वाळवली कशी, असं ज्याने त्याने विचारलं. मी तिथे नव्हतो, पण विजयाताईंनी घरी येऊन माझ्याजवळ उभं राहून दीदींना सगळं सांगितलं. तिथे श्यामकांतांचे चुलतभाऊ दिवाकर भेटले. त्यांनी विचारलं, "काय रे, पोट्टी अजून सुट्टीवरच आहे?" श्यामकांत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुट्टी नाही दादा. तिनं कॉलेज सोडलं. अर्ध्यातून. मी खोटं सांगत होतो तुले. अन् ही बरी तिनंच वाळवली, माझ्या कूलरात." हे सांगताना विजयाताई रडत होत्या. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

एकतीस डिसेंबर आला आणि गेला. मुदतीचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे काय झालं ते सांगताना माझी छाती अभिमानाने फुगते. उन्हाळ्याच्या आत त्या चाळीस कोऱ्या बॉड्यांपैकी एकही शेडमध्ये उरली नाही. आरंग, अभनपूरकडच्या बायकांचे गट आले, आणि कोणी बरीसाठी, कोणी पापडासाठी, कोणी आवळ्यासाठी वाळवणाच्या पेट्या बनवून घेतल्या. शेडच्या पाटीवर आता 'वाळवण यंत्र' असं मोठ्या अक्षरांत आहे. कूलर खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. विजयाताई शेडमध्ये बसून येणाऱ्यांना बरी करायला शिकवतात. शिकवणी असेल त्या दिवशी घरचा स्वयंपाक श्यामकांत करतात, आणि वरणात मीठ विसरतात. क्षमाने इथेच रायपूरमध्ये अन्नप्रक्रियेच्या कोर्सला पहिल्या वर्षापासून नाव घातलं. आपल्याहून दोन वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसायला तिला जरासुद्धा लाज वाटत नाही. मागच्या परीक्षेत ती वर्गात पहिली आली. मी? मी शेडच्या दारातच असतो. आलेल्या प्रत्येकाला श्यामकांत माझ्यापाशी आणतात, माझ्या पत्र्यावर थाप मारतात आणि म्हणतात, "हा पहिला."

मित्रांनो, एवढंच सांगायला मी इतका वेळ घेतला. तुमच्या घरात एखादी वस्तू कोपऱ्यात पडली असेल तर तिच्यावर ओलं फडकं टाकण्याआधी एकदा बटण दाबून बघा. आणि तुमच्या घरातलं कोणी अर्ध्या वाटेवरून परत आलं, तर त्याला दारात उभं करून जाब विचारू नका, आणि चार-चार महिने गप्प तर मुळीच बसू नका. त्याला आत घ्या. बोलण्यासारखं काही सुचलं नाही, तर खुशाल रागवा. पण जवळ बसून रागवा, आणि रागावता रागावता पाना हातात घ्या.